गाडीच्या चाकाला कोणती व्हॉल्व्ह कॅप लावावी?

चारचाकीसाठी व्हॉल्व्ह कॅप शोधायला बसलं की डोळे दिपतात. लाल-निळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, गाडीच्या लोगोच्या, कवटीच्या आकाराच्या, चाक फिरलं की पेटणाऱ्या, हवा कमी झाली की रंग बदलणाऱ्या, मोबाइलवर प्रेशर दाखवणाऱ्या. किंमतही काही रुपयांपासून काही हजारांपर्यंत. गाडीसोबत आलेली काळी प्लॅस्टिकची कॅप त्यांच्यापुढे अगदीच साधी वाटते. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक गाड्यांना तीच काळी कॅप सगळ्यात योग्य आहे, फक्त तिच्या आत रबरी वायसर हवा. व्हॉल्व्ह कसा चालतो हे एकदा नीट समजलं की कोणती कॅप कुठे चालेल आणि कुठे नडेल, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून आधी व्हॉल्व्हच बघू.

हवा अडवतं कोण?

कॅप फिरवून काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात वाकून बघा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं एक टोक दिसेल. ते नखाने दाबलं की फुस्स करून हवा सुटते, नख उचललं की लगेच थांबते. हे टोक म्हणजे आतल्या एका छोट्याशा जोडणीचा शेंडा. त्याच्याखाली बारीक दांडी, एक स्प्रिंग आणि रबरासारख्या मऊ पदार्थाची चकती असते. स्प्रिंग त्या चकतीला नळीतल्या कडेवर टेकवून धरते. चाकातली हवाही तिला आतून बाहेर ढकलत राहते, त्यामुळे चाकात प्रेशर जितकं जास्त तितकी ती घट्ट बसते. पंक्चरवाले या सगळ्या जोडणीला ‘पिन’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

हवा अडवायचं मुख्य काम या पिनचं आहे. म्हणून कॅप हरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं दिसलं, तर दोष कॅपवर ढकलू नये. पिन आधीपासून गळत असणार, नाहीतर टायरला कुठेतरी खिळा लागलेला असणार. तसंही धडधाकट टायरमधून रबराच्या आरपार महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजायचं एकक) हवा झिरपून जातेच. जगातली कुठलीही कॅप ती थांबवू शकत नाही.

या रचनेला श्रेडर व्हॉल्व्ह म्हणतात. ऑगस्ट श्रेडर हा जर्मनीहून न्यूयॉर्कला गेलेला कारागीर. रबराच्या वस्तू आणि पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्यांची साधनं बनवणारा त्याचा कारखाना होता. पाण्याखालच्या माणसाला हवा पुरवायची तर गळती परवडत नाही, आणि तीच नजर पुढे टायरच्या व्हॉल्व्हकडे वळली. हा व्हॉल्व्ह १८९१ मध्ये तयार झाला आणि १८९३ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे आणि बाहेरच्या आट्यांचं मापही ठरलेलं आहे: व्यास सुमारे ७.७ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. त्यामुळे स्कूटरची कॅप कारला बसते, कारची बुलेटला बसते. ‘अमुक मॉडेलसाठी खास’ असं लिहिलेल्या कॅपमध्ये खास असतो तो फक्त वरचा लोगो. आटे सगळ्यांचे सारखेच. वेगळी निघते ती आपल्याकडची जुनी साधी सायकल, तिच्या व्हॉल्व्हची घडणच निराळी.

मग कॅप कशाला?

खरं काम इथे सुरू होतं. कॅप नसलेल्या व्हॉल्व्हचं तोंड म्हणजे उघडी विहीर. पावसाळ्यात डबक्यातून चाक गेलं की गढूळ पाणी त्यात साचतं, पाणी वाळतं आणि बारीक वाळू-माती तळाशी, पिनच्या टोकाभोवती उरते. तोवर काहीच बिघडत नाही, कारण पिन बंद असते आणि कचरा बाहेरच्या बाजूला असतो. बिघडतं ते पुढच्या वेळी हवा भरताना. पंपावरचा नोजल पिन दाबतो, चकती कडेवरून उठते, आणि टायरपेक्षा कितीतरी जास्त दाबाची हवा त्या वाळूला सोबत घेऊन आत घुसते. एखादा कण चकती आणि कडेच्या मध्ये अडकतो. नोजल काढला की चकती परत टेकते, पण त्या कणावर टेकते. तिथून पुढे दिवसाला थोडी थोडी हवा जायला लागते.

म्हणूनच अशा वेळी गाडीवाला चक्रावतो. काल हवा भरेपर्यंत चाक ठीक होतं, आज भरल्यानंतर कमी कसं? मग टायर पाण्याच्या टबात बुडवून पंक्चर शोधलं जातं, सापडत नाही, आणि दोन दिवसांनी परत तेच. पिन बदलली की प्रकरण पाच मिनिटांत मिटतं.

व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असेल तर हवा भरण्याआधी पिन नखाने किंवा कशाच्या तरी टोकाने क्षणभर दाबून हवा बाहेर सोडावी. बाहेर येणारा झोत तोंडातली माती उडवून लावतो. मगच नोजल लावावा. अर्धा पीएसआय गेला तर गेला, तो लगेच भरता येतो.

कॅपचं दुसरं काम राखीव खेळाडूचं. पिनमधून हवा अगदी हळू झिरपत असेल तर आत रबरी वायसर असलेली कॅप तिला बाहेरच्या तोंडाशी अडवते. इथे वायसर महत्त्वाचा. नुसत्या प्लॅस्टिकच्या कॅपचे आटे हवा अडवू शकत नाहीत, त्या फक्त धूळ अडवतात. दोन्ही कॅप बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणून विकत घेताना ती उलटी करून आत बघावं. तळाशी काळी किंवा लाल रबराची चकती दिसली पाहिजे, आणि टाचणीने हलकेच टोचून पाहिलं तर ती मऊ लागली पाहिजे. माझ्या मते कॅप घेताना बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. रंग, चकाकी, आकार सगळं नंतर.

वजन: फिरत्या चाकावर ग्रॅमही जड होतो

धातूच्या कॅप मजबूत असतात हे खरं. पण चाकावर लावलेल्या वस्तूचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसतं तेवढंच राहत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना १८५/६५ आर १५ मापाचे टायर असतात. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली की असं चाक सेकंदाला चौदाच्या आसपास फेरे घेतं. व्हॉल्व्हचं टोक चाकाच्या मध्यापासून सतरा-अठरा सेंटिमीटरवर असतं. गणित केलं तर त्या जागी बसलेल्या वस्तूवर तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दीडशेपट ओढ येते. एका ग्रॅमची प्लॅस्टिकची कॅप व्हॉल्व्हला दीडशे ग्रॅमसारखी जाणवते. पाच ग्रॅमची पितळी कॅप पाऊण किलोसारखी. आणि प्रेशर दाखवणारा दहा ग्रॅमचा सेन्सर लावला असेल तर दीड किलोसारखा. वेग वाढला की ही ओढ वर्गाच्या हिशेबाने वाढते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. तिथे हाच आकडा दोनशेच्या पुढे जातो, म्हणजे दहा ग्रॅमचा सेन्सर दोन किलोंच्या वर.

आता हे वजन पेलतं कोण? साध्या गाड्यांचा व्हॉल्व्ह रबराचा असतो, रिमच्या भोकात आतून ओढून बसवलेला. आत पितळेची नळी, बाहेरून रबर. व्हॉल्व्ह रिमला जिथे बसतो तिथलं बुड म्हणजे निव्वळ रबर, आणि सगळी वाक तिथेच येते. चाक फिरताना जड कॅप त्या नळीला बाहेरच्या दिशेने, रिमच्या कडेकडे ओढते. गाडी थांबली की नळी जागेवर येते, पुन्हा पळाली की पुन्हा ओढली जाते. नव्या रबराला याचं काही वाटत नाही. चार-पाच उन्हाळे खाल्लेल्या, बारीक भेगा पडलेल्या रबराला वाटतं, आणि ते बुडाशी फाटायला लागतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी हे विशेष जपावं.

पिन, म्हणजे गळती थांबवणारी ती छोटी जोडणी, या ओढीने स्वतःच उघडणार नाही का, असा प्रश्न एखाद्याला पडेल. प्रश्न रास्त आहे, कारण ओढीची दिशा पिन आत ढकलण्याचीच असते. पण पिनचा हलणारा भाग एका ग्रॅमच्याही आतला असतो, आणि त्याच्याविरुद्ध स्प्रिंग आणि टायरची हवा दोन्ही उभ्या असतात. रस्त्यावरच्या वेगात तिला धोका नाही. शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट निराळी, तिथे वायसरवाली घट्ट कॅप ही गरज मानतात.

तेव्हा नियम सोपा आहे. रबरी व्हॉल्व्हवर हलकी कॅप. धातूची किंवा जड काही लावायचंच असेल, तर आधी धातूचा, नट लावून रिमला कसलेला व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. अलॉय व्हीलच्या दुकानात तो मिळतो.

धातूला धातू लावताना

वजनापेक्षाही मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची, कारण ती दिसत नाही. कॅप लावताना छान फिरते, महिन्याभराने काढताना थोडी कुरकुरते, आणि वर्षाने जागची हलत नाही.

कारण असं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून असतील आणि मध्ये खारट ओल असेल, तर त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. त्यात एक धातू झिजतो. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, आट्यांच्या फटीत ठासून भरते आणि कॅप जाम होते. ही क्रिया चालायला फार पाणी लागत नाही. समुद्रकाठची खारी हवा पुरते.

रबरी व्हॉल्व्हच्या आतली नळी पितळेची असते, आटेही पितळेचेच. त्यावर रंगीत अ‍ॅल्युमिनियमची कॅप लावली की ही जोडी जमली. कॅपवरचा रंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेला संरक्षक थर असतो हे खरं, पण कॅप फिरवताना घासला जातो तो नेमका आट्यांवरचा थर, आणि संरक्षण हवं असतं तेही तिथेच. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, गोवा, किंवा मुंबईत समुद्रासमोर गाडी उभी करणाऱ्यांनी रंगीत धातूच्या कॅपचा मोह टाळलेला बरा.

उलटी जोडी आणखी महागात जाते. बऱ्याच नव्या गाड्यांत व्हॉल्व्हची नळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्या आतल्या टोकाला, रिमच्या पोटात, प्रेशर मोजणारा सेन्सर जोडलेला असतो. अशा नळीवर पितळी कॅप लावून ती जाम झाली, आणि कुणी पक्कड लावून जोरात पिळली, तर कॅपऐवजी नळीच मोडते. काही सेन्सरची नळी सुटी मिळते, काहींचा सेन्सरच पूर्ण बदलावा लागतो. शिवाय टायर उतरवायचा, चढवायचा आणि बॅलन्सिंग करायचं हे आलंच. काही रुपयांच्या कॅपपायी एवढा खर्च.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि चाकांवर खारट चिखलाचा थर महिनोन्‌महिने असतो. त्यात सेन्सर जवळपास सगळ्याच गाड्यांत. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांना टायरचं प्रेशर कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती लागते. भारतात अशी सरसकट सक्ती नाही. मात्र २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालेल असं ठरलं. त्यामुळे सेन्सरवाल्या गाड्या आपल्याकडेही वाढत चालल्या आहेत.

तुमच्या गाडीत सेन्सर आहे का, हे बाहेरून ओळखता येतं, पण पूर्ण खात्रीने नाही. व्हॉल्व्ह धातूचा असून बुडाशी नट दिसत असेल तर शक्यता बरीच. पण काही सेन्सर रबरी व्हॉल्व्हलाही जोडलेले असतात. आणि काही गाड्या सेन्सर न वापरता एबीएसकडून, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेकडून, चाकांचा वेग घेऊन हवा कमी झाल्याचा अंदाज बांधतात: हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, तिथे बघावं. खात्री होत नसेल तर सेन्सर आहे असं धरूनच वागावं.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर प्लॅस्टिकचीच कॅप. पिनसुद्धा साधी पितळी चालत नाही, निकेलचा मुलामा दिलेली लागते, कारण उघड्या पितळेची पिन आतून तशीच जाम होते. ती चंदेरी दिसते, साधी पिन पिवळसर. पिन बदलून घेताना हे स्वतः बघावं. घाईच्या वेळी हाताला येईल ती पिन टाकली जाते.

पिन दाबून बसणाऱ्या कॅप

आतापर्यंत ज्या कॅप पाहिल्या त्या पिनला हातही लावत नाहीत. दोन प्रकार मात्र तिला सतत दाबून ठेवतात, आणि त्यांच्यामुळे व्हॉल्व्हचं सगळं गणितच बदलतं.

पहिला प्रकार रंग दाखवणाऱ्या कॅपचा. हिरवा दिसला तर हवा ठीक, पिवळा दिसला तर कमी, लाल दिसला तर फारच कमी. दुसरा प्रकार बाहेरून लावायच्या सेन्सरचा. तो रेडिओ लहरींवरून डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्याला किंवा मोबाइलला प्रेशर कळवतो. चाकातलं प्रेशर मोजायचं तर चाकातली हवा त्यांच्यापर्यंत पोचायला हवी, आणि ती पोचायची तर पिन उघडी हवी. म्हणून दोन्हींच्या आत एक खुंटी असते, ती पिन दाबून धरते. म्हणजे गाडी चालत असताना, उभी असताना, रात्रंदिवस पिन उघडीच. हवा अडवायची सगळी जबाबदारी त्या कॅपच्या वायसरवर येते. राखीव खेळाडू आता एकटाच मैदानात असतो.

रंग दाखवणाऱ्या कॅप मी कुणाला सुचवत नाही. त्या एका ठरलेल्या प्रेशरसाठी बनवलेल्या असतात. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांचं प्रेशर वेगळं असेल, किंवा माणसं-सामान भरून जाताना वाढवायचं असेल, तर तो रंग कशाचा हेच कळत नाही. त्यात टायरचं प्रेशर तापमानाबरोबर हलतं, साधारण साडेपाच अंश सेल्सिअसमागे एक पीएसआय. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला आणि त्याच दिवशी दुपारी रस्ता कापून आल्यावर तेच चाक वेगवेगळा आकडा दाखवणार. तीन रंगांत हे बसत नाही. त्यापेक्षा चांगला प्रेशर गेज घ्यावा आणि सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावं. किती हवा हवी हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

बाहेरच्या सेन्सरचं पारडं वेगळं आहे. द्रुतगती मार्गावर हळूहळू हवा जाणारं चाक वेळेत कळलं तर जीव वाचू शकतो. हवा कमी असताना टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आणि शेवटी फुटते. सिमेंटच्या लांब सरळ रस्त्यावर तासन्‌तास एका वेगाने जाणाऱ्यांनी हा धोका हलक्यात घेऊ नये. म्हणून असे सेन्सर लावू नका असं मी म्हणणार नाही. लावताना मात्र तीन गोष्टी सांभाळा. व्हॉल्व्ह नवे असू द्या, शक्यतो धातूचे. सेन्सर बसवल्यावर त्याच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडून बुडबुडा येतो का बघा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तिसरी गोष्ट, सेन्सर चाकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरला किंवा रिमच्या काठाला घासत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून तपासा. दर वेळी हवा भरताना सेन्सर काढावा लागतो, त्यामुळे त्याचा वायसर झिजतो. वायसर सुटे मिळतात, ते सेन्सरसोबतच घेऊन ठेवावेत.

पेटणाऱ्या कॅपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आत बॅटरी, म्हणजे वजन, आणि बहुतेकींना वायसर नाही. चोरी होऊ नये म्हणून बारीक स्क्रूने कसायच्या कॅपही मिळतात. त्यांची छोटी चावी रात्री आडरस्त्यावर सापडली नाही तर हवा भरता येत नाही, तेव्हा तो ताप घेऊ नये. काही चाकांवर साधी, पूर्ण हिरवी कॅप दिसते, तिचा अर्थ एवढाच की कधीतरी या चाकात नायट्रोजन भरला होता. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि गरज पडली तर हिरव्या कॅपच्या चाकात साधी हवा बेलाशक भरावी. ‘नायट्रोजन मिळत नाही’ म्हणून कमी हवेवर गाडी दामटणं मात्र खरोखर धोक्याचं.

निगा

कॅप बोटांनीच घट्ट करायची. वायसर टेकला की थोडा दाब जाणवतो, तिथे थांबायचं. पक्कड लावून कसली तर वायसर चिरतो आणि प्लॅस्टिकचे आटे जातात.

कॅप सगळ्यात जास्त हरवतात त्या पेट्रोल पंपावर. हवा भरणारा मुलगा एका हातात नळी धरून चारही कॅप टायरवर किंवा जमिनीवर ठेवत जातो, त्यातली एखादी घरंगळते. मागे गाड्यांची रांग असते, कुणाला शोधायला वेळ नसतो. आपण उतरून कॅप स्वतः काढाव्यात, खिशात ठेवाव्यात आणि स्वतःच लावाव्यात. ‘दादा, जरा थांबा, कॅप मी लावतो’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. दोन-चार जादा कॅप डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असू द्याव्यात.

हवा भरून झाली की कॅप लावण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब तसाच राहिला तर पिन ठीक. तो फुगत बुडबुडा होऊ लागला तर पिन सैल आहे, किंवा तिच्यात कण अडकला आहे. पिन कसायची छोटी चिमट्यासारखी चावी प्रत्येक पंक्चरवाल्याकडे असते. पाव फेरा कसून भागलं तर ठीक, नाहीतर नवी पिन टाकावी. ती काढली की चाकातली सगळी हवा जाते, म्हणून हे काम कॉम्प्रेसर शेजारी असतानाच करावं. मग रबरी व्हॉल्व्ह बोटाने हलकेच एका बाजूला वाकवा आणि बुडाशी बघा. बारीक भेगा दिसल्या, किंवा तिथे बुडबुडे आले, तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली. नवे टायर टाकताना रबरी व्हॉल्व्ह न चुकता नवेच घ्यावेत. टायर उतरलेलाच असतो, मजुरी वेगळी पडत नाही, आणि टायरच्या किमतीपुढे व्हॉल्व्हची किंमत किरकोळ असते.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कॅप काढून आत बघायची सवय ठेवावी. कोकणातल्या लाल मातीचा गाळ आट्यांत फार चिवट बसतो. जुन्या टूथब्रशने आटे कोरडेच घासा, आणि घासताना व्हॉल्व्हचं तोंड खाली असेल असं चाक उभं करा, म्हणजे माती आत पडणार नाही. धातूची कॅप वापरत असाल तर बाहेरच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट फिरवावं. तोंडात ग्रीस जाऊ देऊ नये, ते माती धरून ठेवतं.

कॅप जाम झालीच तर जोर लावण्याआधी थांबा. रबरी व्हॉल्व्हवर पक्कड लावून पिळलं तर कॅपसोबत अख्खा व्हॉल्व्ह पिळला जातो आणि बुडाशी फाटतो. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब कॅप आणि नळीच्या सांध्यावर सोडा आणि काही तास जाऊ द्या. मग एका हाताने नळी बुडाशी घट्ट धरून, दुसऱ्या हातात रबरी मोजा घालून कॅप थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत राहा. पितळी नळीवर अ‍ॅल्युमिनियमची कॅप असेल तर वरून कढत पाणी ओतल्याने मदत होते, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं. उलट्या जोडीत या उपायाचा उपयोग नाही, तिथे तेल आणि धीर. तरीही सुटली नाही तर टायरच्या दुकानात जाऊन कॅप उभी कापून घ्यावी. घरी प्रयोग नको, नळी मोडली तर हवा एका झटक्यात जाते. तेल रबराला लागलं असेल तर पुसून घ्या, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

स्टेपनीची कॅप कुणी बघत नाही, आणि बऱ्याच एसयूव्ही व मोठ्या गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल तिच्यावर बसतो, आणि वर्ष-वर्ष तिच्यात हवा भरली जात नाही. बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर तिच्यात सहसा ६० पीएसआय हवा लागते, नेहमीच्या चाकाच्या जवळपास दुप्पट. तिथे वायसरवाली कॅप असणं बाकी चार चाकांपेक्षाही जास्त गरजेचं आहे. सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकला सांगून तिची कॅप, पिन आणि प्रेशर तिन्ही त्याच वेळी बघून घ्या.